प्रोग्रॅम पडतो एकीकडे, दोष असतो दुसरीकडे

लिनक्सवर वाईनच्या आधाराने चालणारा विंडोजचा एखादा प्रोग्रॅम उघडता उघडताच बंद पडतो, पडद्यावर एक चौकट येते आणि वापरणाऱ्याच्या हाती फक्त एक आकडा उरतो. पुढे बहुतेक जण तो आकडा इंटरनेटवर शोधतात आणि सापडतील ते उपाय एकामागून एक करत सुटतात. कुणी सांगतं अमुक डीएलएल (प्रोग्रॅमला लागणारी कोडची फाइल) टाका, कुणी सांगतं विंडोजची आवृत्ती एक्सपी करा, तर कुणी सांगतं ग्राफिक्सचं सेटिंग बदला. असे चार उपाय एकत्र केल्यावर प्रोग्रॅम चाललाच, तर नेमका कशाने चालला हे कळत नाही. नाही चालला, तर मूळ बिघाड कोणता आणि आपण नव्याने करून ठेवलेला कोणता, हेही सांगता येत नाही. प्रोग्रॅम कोसळतो ती जागा आणि दोषाची जागा बहुतेक वेळा वेगवेगळ्या असतात. हे ध्यानात न घेता केलेले उपाय म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आधी दोषाची जागा शोधावी आणि मगच उपायाला हात घालावा. हा रस्ता लांबचा दिसतो, पण वेळ त्यातच कमी जातो.

हे पटण्यासाठी वाईन करतं काय, ते पाहायला हवं. व्हर्च्युअल मशीनमध्ये आख्खी विंडोज चालत असते. वाईनमध्ये विंडोज नसतेच. प्रोग्रॅममधल्या सूचना थेट आपल्या प्रोसेसरवर चालतात. फाइल उघड, खिडकी काढ, मेमरी दे अशी मागणी प्रोग्रॅम जेव्हा ऑपरेटिंग सिस्टिमकडे करतो, तेव्हा विंडोजच्या जागी वाईन उत्तर देतं आणि प्रत्यक्ष काम लिनक्सकडून करून घेतं. बॉब ॲमस्टाट आणि एरिक यंगडेल यांनी १९९३ मध्ये हे काम सुरू केलं. १९९४ पासून अलेक्झांडर ज्युलियार्ड ते सांभाळत आहेत. पहिली अधिकृत १.० आवृत्ती यायला जून २००८ उजाडलं. पंधरा वर्षं लागण्याचं कारण कामाच्या स्वरूपातच आहे. मायक्रोसॉफ्टचा सोर्स कोड हाती नसताना हजारो फंक्शनं निव्वळ माहितीपत्रकं वाचून आणि विंडोज कशी वागते हे बाहेरून पाहून पुन्हा लिहायची होती. माहितीपत्रकात जे लिहिलेलं नसतं, त्या सवयीही उतरवायच्या होत्या. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी नकळत अनेकदा त्या सवयींवरच भिस्त ठेवलेली असते.

आता तो आकडा जवळून पाहू. सर्वांत जास्त दिसणारा आकडा सी००००००५. प्रोग्रॅमने आपली नसलेली मेमरी वाचायचा किंवा तिच्यात लिहायचा प्रयत्न केला, एवढंच तो सांगतो. सोबत बहुतेकदा पत्ताही दिलेला असतो आणि तो पुष्कळदा शून्य किंवा शून्याच्या अगदी जवळचा असतो. हा शून्य बोलका आहे. प्रोग्रॅमने काहीतरी मागितलं, त्याला नकार मिळाला, म्हणजे हाती शून्य आलं, आणि ते न तपासता प्रोग्रॅम मागितलेली वस्तू मिळाल्यासारखा पुढे निघाला. समजा, सुरू होताना तो डिफॉल्ट प्रिंटर कोणता हे विचारतो आणि लिनक्सवर प्रिंटर बसवलेलाच नाही. तर तो कोसळेल पानाची रुंदी मोजताना, आणि चौकटीत पत्ता येईल त्या मोजणीचा. प्रिंटरचं नावही तिथे नसेल. अशा वेळी डीएलएल बदलून काय होणार? दुसरा आकडा सी००००१३५. त्याचा अर्थ सरळ आहे, लागणारी डीएलएल सापडली नाही. टर्मिनलमधून प्रोग्रॅम चालवला, तर वाईन तिचं नावही सांगतं, उदाहरणार्थ एमएसव्हीसीपी१४०. मग व्हिज्युअल सी++चा २०१५ नंतरचा रनटाइम बसवला की काम झालं. म्हणजे एकाच चौकटीतले दोन आकडे. एकाचं उत्तर त्याच ओळीत आहे, दुसऱ्याचं शंभर ओळी वर. म्हणून टर्मिनलमध्ये वाईन छापत जातं तो लॉग खालून वर वाचावा. 'फिक्समी' असं लिहिलेल्या ओळी पाहून नवखा माणूस घाबरतो, पण अमुक भाग अजून पूर्ण लिहिलेला नाही, अशी ती वाईनच्या प्रोग्रॅमरांनी स्वतःसाठी ठेवलेली नोंद असते. धडधाकट चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या लॉगमध्येही त्या पसरलेल्या असतात. कोसळण्याच्या आधी कोणती मागणी फसली, ते शोधायचं असतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की हाच प्रोग्रॅम विंडोजवर बिनतक्रार चालतो, मग दोष वाईनचाच, दुसरीकडे शोधायचं कशाला? आक्षेपात तथ्य आहे आणि वाईनचे प्रोग्रॅमरही तीच भूमिका घेतात. विंडोजवर चालणारं वाईनवर चाललं नाही, तर ते उणं वाईनचं धरतात. पण विंडोजवर चालतो म्हणून प्रोग्रॅम निर्दोष ठरत नाही. मायक्रोसॉफ्टमध्ये काम केलेले जोएल स्पॉल्स्की यांनी सांगितलेली सिमसिटी या खेळाची हकिकत इथे महत्त्वाची आहे. हा खेळ मेमरी परत करून टाकायचा आणि लगेच तीच वाचायचा. जुन्या सिस्टिमवर ती जागा तेवढ्यात दुसऱ्या कुणाला जात नसे, त्यामुळे ही चूक उघडी पडत नव्हती. विंडोज ९५ वर ती पडली. तेव्हा मायक्रोसॉफ्टने विंडोजमध्येच सिमसिटी ओळखण्याची सोय केली आणि तो चालू असताना सोडलेली मेमरी लगेच परत घ्यायची नाही, अशी तजवीज केली. म्हणजे चूक खेळाची आणि ती पोटात घालणारी विंडोज. अशी सांभाळून घेतलेली चूक वाईनवर आली की उघडी पडते. कोसळणारा प्रोग्रॅम, फसलेलं उत्तर देणारं वाईन आणि त्याखालचा ग्राफिक्स ड्रायव्हर, यांतलं कुणीही कारण असू शकतं. खेळांमध्ये तर डीएक्सव्हीके नावाचा आणखी एक थर असतो. विंडोजच्या डायरेक्ट थ्रीडी या ग्राफिक्स-प्रणालीच्या आज्ञा तो लिनक्सवर चालणाऱ्या व्हल्कनच्या आज्ञांमध्ये बदलतो. व्हॉल्व्ह या खेळांच्या कंपनीने २०१८ मध्ये आणलेल्या, वाईनवरच आधारलेल्या प्रोटॉनमध्ये तो आहे, आणि २०२२ पासून विकलं जाणारं तिचं खेळयंत्र स्टीम डेक प्रोटॉनवरच विंडोजचे खेळ चालवतं.

एवढे थर असताना कारण वेगळं काढायचं, तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. वाईनने याची सोय फार चांगली करून ठेवली आहे आणि ती वापरली जात नाही, याचं वाईट वाटतं. वाईनचा सगळा संसार एका फोल्डरमध्ये असतो. त्याला प्रीफिक्स म्हणतात. त्यात 'सी' ड्राइव्ह असतो आणि रजिस्ट्रीही साध्या मजकुराच्या फाइलींत असते. नवा प्रीफिक्स करायला मिनिटभरही पुरतं. म्हणून पहिली परीक्षा हीच, की कोऱ्या प्रीफिक्समध्ये तोच प्रोग्रॅम बसवून पाहावा. तिथे चालला, तर दोष आधीच्या उपायांच्या गाळात आहे. तिथेही पडला, तर मग थर बदलून पाहावेत. डीएक्सव्हीके काढून वाईनचं स्वतःचं ग्राफिक्स वापरलं आणि प्रोग्रॅम चालला, तर शोध तेवढ्यापुरता सीमित झाला. आधी चालणारा प्रोग्रॅम नव्या आवृत्तीत पडू लागला असेल, तर मधल्या बदलांची यादी निम्मी निम्मी करत जावी. हजार बदलांमधला दोषी बदल साधारण दहा परीक्षांत सापडतो. प्रत्येक फंक्शनची नोंद घेणारी 'रिले' ही सोयही आहे, पण ती जपून वापरावी. तिने प्रोग्रॅम फार मंदावतो, आणि दोन कामांची वेळ एकमेकांवर आदळल्याने होणारा दोष असेल, तर या मंदपणात तो दिसेनासाही होतो. तसं झालं, तरी दोष वेळेशी जोडलेला आहे एवढं हाती लागतं.

दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे. दुकानात हिशोब लिहिणाऱ्याने किंवा शाळेच्या कार्यालयातल्या माणसाने हे सगळं का करावं? त्याला काम हवं आहे आणि इंटरनेटवरचा उपाय पुष्कळदा लागूही पडतो. लागू पडतो, हे मान्य. असे उपाय आपोआप करून देणारं विनट्रिक्ससारखं साधन याच अनुभवातून तयार झालं आहे आणि ते उपयोगी आहे. पण वाईनची स्वतःची डीएलएल बाजूला सारून तिथे मायक्रोसॉफ्टची बसवली, की तो बदल त्या प्रीफिक्समध्ये राहतो. सहा महिन्यांनी वाईन सुधारलेलं असतं आणि तीच जुनी डीएलएल आड येते. एक उपाय, एक परीक्षा, नाही लागला तर प्रीफिक्स टाकून द्यायचा, एवढी शिस्त पाळायला प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही. आणखी एक फायदा आहे. कोऱ्या प्रीफिक्सवर मिळालेला लॉग आणि 'या आवृत्तीपासून पडतो' एवढी माहिती वाईनच्या लोकांकडे गेली, तर तिचं सोनं होतं. ते त्यावरून छोटी चाचणी लिहितात, ती खऱ्या विंडोजवरही चालवतात आणि विंडोज जशी वागते तसं वाईन दुरुस्त करतात. नुसतं 'चालत नाही' असं कळवून यातलं काहीच होत नाही.

काही वेळा शोधाचं उत्तर 'इथे चालणार नाही' असंही येतं, आणि तेही लवकर कळलेलं बरं. विंडोज १० साठीचं मायक्रोसॉफ्टचं नेहमीचं साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं, त्यामुळे जुने संगणक लिनक्सवर नेण्याचा विचार अनेक ठिकाणी चालू आहे. मराठी छपाईच्या व्यवसायात वर्षानुवर्षांचा मजकूर पेजमेकरच्या फाइलींत आणि युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत पडून आहे. पेजमेकरची शेवटची ७.० आवृत्ती २००१ मधली. असा जुना प्रोग्रॅम वाईनवर कोसळला, तर प्रयत्न जरूर करावा. पण सोबतचं सॉफ्टवेअर यूएसबीच्या लॉकवर चालणारं असेल, तर ते लॉक ओळखायला विंडोजच्या कर्नलमधला ड्रायव्हर लागतो, आणि तसे बहुतेक ड्रायव्हर वाईन चालवू शकत नाही. लॉगमध्ये ड्रायव्हर सुरू न झाल्याची ओळ दिसली, की डीएलएल बदलत बसू नये. तेवढ्या एका कामासाठी व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज ठेवावी, लॉक तिच्याकडे जोडून द्यावं, आणि बाकीचं कार्यालय लिनक्सवर हलवावं.