वास नव्हे, ऊन आणि बंद फटी

दिवाळी सरली की गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यात धान घरात येतं. दरेकसा आणि आसपासच्या जंगललगतच्या गावांत ते बांबूच्या, शेणामातीने लिंपलेल्या ढोलीत जातं. धानामागोमाग सोंडे येतात, उंदीर येतात आणि उंदरांच्या मागावर मण्यारही येते. म्हणूनच किडीवरचे घरगुती उपाय इथे आजीपासून नातीपर्यंत चालत आले आहेत. त्यांतले काही खरोखर गुणाचे आहेत, काही नुसते सुवासाचे, तर एक-दोन चक्क घातक आहेत. हा फरक घराघरांत पोहोचायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

गैरसमज : कडुनिंबाचा पाला ठेवला की तांदळाला सोंडे लागत नाहीत.

किडलेला तांदळाचा दाणा तळहातावर घेऊन उजेडात धरा. टाचणीने टोचल्यासारखं एक बारीक भोक दिसेल. ते सोंड्याच्या आत जाण्याचं नसून बाहेर पडण्याचं भोक आहे. मादी सोंडेने दाण्याला खळगा पाडते, त्यात एक अंडं घालते आणि वरून चिकट स्रावाने तोंड बुजवते. अळी दाण्याच्या आतच वाढते, कोषही तिथेच होतो आणि महिनाभराने पूर्ण वाढलेला सोंडा बाहेर येतो. एक मादी आयुष्यात अशी तीनशेच्या वर अंडी घालू शकते. डब्यात ठेवलेल्या पाल्याचा वास त्या बंद दाण्यात पोहोचणार कसा? फार तर बाहेर फिरणारे सोंडे थोडे दूर राहतील. पाला ओला असेल तर त्याची ओल उलट किडीच्याच उपयोगी पडते. ठेवायचाच असेल तर सावलीत कडकडीत वाळवलेला ठेवा, पण सगळी भिस्त त्याच्यावर ठेवू नका.

खरं संरक्षण कोरडेपणात आणि तुसात आहे. खरेदी केंद्रावर १७ टक्के ओलाव्याचं धान चालतं, पण वर्षभर घरात ठेवायचं धान १२ टक्क्यांच्या आसपास वाळलेलं हवं. ओलावा मोजायचं यंत्र नसेल तर दाणा दाताखाली धरा. ‘कट’ असा आवाज होऊन तुटला पाहिजे. नुसता दबला तर अजून ऊन द्यायला हवं. अख्ख्या तुसाच्या धानात सोंड्याला सहज शिरता येत नाही. धानाचा पतंग मात्र तुसालाही जुमानत नाही, म्हणून ढोलीचं तोंड आणि तडे लिंपून बंद ठेवावे लागतात. महिन्याला लागेल तेवढंच धान भरडून आणण्याची जुनी रीत पूर्ण शास्त्रशुद्ध आहे. भरडलेला तांदूळ मात्र कडक उन्हात टाकू नये. त्याला चिरा जातात आणि शिजताना कण्या होतात.

लाखोरी, मूग, चवळी अशा अख्ख्या कडधान्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचा भुंगेरा अंडं दाण्याच्या वरच्या बाजूला चिकटवतो. त्यामुळे किलोला चमचाभर खाण्याचं तेल चोळलं की ते अंडं गुदमरतं. आजीचा हा उपाय इथे नेमका लागू पडतो.

गैरसमज : बोरिक पावडर, पाऱ्याची गोळी हे जुने उपाय, म्हणजे निर्धोक.

जुनं असलं म्हणून बिनविषारी होत नाही. बोरिक पावडर झुरळांसाठी ओट्यामागच्या फटीत ठीक आहे, खायच्या तांदळाला चोळण्यासाठी नाही. पारा तर धान्याच्या जवळपासही नको. सल्फासच्या गोळीतून निघणारा फॉस्फिन वायू झोपलेल्या माणसांचा जीव घेतो. राहत्या घरातल्या धान्यात ती कधीही ठेवू नये.

डांबरगोळीबद्दल विशेष सांगायला हवं. ती कापरासारखी दिसते, पण कापूर नव्हे. ते नॅप्थलिन आहे. मध्य भारतातल्या आदिवासी समाजांत सिकलसेलप्रमाणेच जी-६-पीडी या विकराची उणीवही आढळते. ही उणीव असलेल्या तान्ह्या बाळाला डांबरगोळ्यांत ठेवलेल्या गोधडीत गुंडाळलं, तर त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात आणि तीव्र कावीळ होऊ शकते. बाळाचे कपडे पेटीत ठेवताना ही गोळी नकोच.

गैरसमज : मलेरियाचा डास गटारात होतो, घर स्वच्छ असलं आणि धूर केला की पुरे.

गटारातला डास बहुधा क्युलेक्स असतो. मलेरिया पसरवणारा ॲनाफिलीस झऱ्याच्या काठचं संथ पाणी, बांधीतलं पाणी, बोडीचा गवताळ काठ अशा ठिकाणी वाढतो. गोंदियासारख्या जंगलपट्टीत हे पाणी दाराशीच असतं. कडुनिंबाच्या धुराने डास तात्पुरते हटतात, मरत नाहीत. बंद खोलीतला धूर मात्र लेकरांच्या छातीत जातो. खोबरेल तेलात दोन टक्के कडुनिंबाचं तेल मिसळून अंगाला लावल्यास डास चावत नाहीत, असं दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये मांडलं होतं. पुढच्या चाचण्यांत मात्र हे संरक्षण फार वेळ टिकलेलं दिसलं नाही. म्हणून हे तेल मच्छरदाणीच्या जोडीला वापरा. टाक्यांत आणि न वापरत्या विहिरीत गप्पी मासे सोडा. रांजण आठवड्यातून एकदा रिकामा करून घासा आणि कोरडा होऊ द्या, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात.

गैरसमज : पाल विषारी असते.

आपल्या घरातली पाल विषारी नाही. ती रात्रभर डास, पतंग आणि लहान झुरळं खाते. तिची विष्ठा अन्नात पडू नये म्हणून भांडी झाका, पण तिला मारू नका.

ढेकणांसाठी फवाऱ्यापेक्षा उकळतं पाणी बरं. खाटेच्या सांध्यांत ते ओता, सुंभाच्या विणीतही. पन्नास अंशांच्या उष्णतेत ढेकूण आणि त्याची अंडी दोन्ही मरतात. नुसती खाट उन्हात टाकली तर ते सावलीच्या सांध्यात सरकून वाचतात.

गैरसमज : अंगणात सर्पगंधा लावली की साप येत नाही.

साप वासाने दूर राहत नाही. कार्बोलिक ॲसिडही त्याला रोखत नाही. तो उंदरासाठी येतो. उंदीर जिथून येतो ती फट लिंपा; बोट जाईल एवढी जागाही त्याला पुरते. सरपणाचा ढीग भिंतीपासून दूर रचा. उंदरांवर आवाजाचं यंत्र आणण्यात पैसे घालवू नका. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००१ मध्येच अशा यंत्रांच्या साठांहून अधिक उत्पादक-विक्रेत्यांना दाव्यांचा पुरावा नसेल तर ते करू नका, अशी ताकीद दिली होती.

मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. चावा बहुधा दुखत नाही आणि सकाळपर्यंत श्वास अडकू लागतो. नेपाळच्या तराईत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश कमी झाल्याचं आढळलं. मलेरियाचा डास आणि मण्यार या दोघांनाही अडवणारी ही एकच वस्तू आहे. आज रात्री झोपताना तिच्या कडा चटईखाली नीट खोचा, लेकरांच्या बाजूच्या आधी.