तरुण वयातील हृदयाची धडधड

परीक्षेच्या आदल्या रात्री छाती धडधडली तर त्यात नवल नाही. पण शांतपणे वाचत बसलेल्या मुलीची नाडी एकाएकी मिनिटाला १८० पर्यंत जाते, दहा-पंधरा मिनिटांनी तितक्याच अचानक पूर्ववत होते आणि घरातील मंडळी ‘अभ्यासाचे टेन्शन’ म्हणून विषय संपवतात, तेव्हा मंडळींचे निदान बहुधा चुकलेले असते. भीतीने वाढलेली गती हळूहळू चढते आणि हळूहळूच उतरते. बटण दाबल्यासारखी सुरू होऊन बंद पडणारी धडधड निराळी.

हृदयाच्या उजव्या कर्णिकेत वरच्या बाजूस पेशींचा एक लहानसा पुंज असतो. विश्रांतीच्या वेळी तोच मिनिटाला साधारण ६० ते १०० विद्युत्संकेत देतो. हे संकेत जवनिकांकडे एकाच मार्गाने जावयाचे असतात. काहींमध्ये जन्मतःच दुसरी चोरवाट राहून जाते. संकेत तिच्यातून परत फिरून गोल गोल धावू लागतो. वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट या तिघांनी १९३० मध्ये अशा एका विकाराचे वर्णन केले, ते प्रामुख्याने धडधाकट तरुणांचेच होते.

‘ठोका चुकला’ ही तक्रार मात्र बहुधा निरुपद्रवी असते. ठोका वेळेआधी पडतो, मग क्षणभर विराम येतो आणि पुढचा ठोका जोराने जाणवतो. जागरण, चहा-कॉफी, एनर्जी ड्रिंक, तंबाखू, रक्तक्षय, थायरॉइड यांपैकी काहीतरी मागे सापडते.

सोलापुरात चैत्र-वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो. घामावाटे पाणी आणि क्षार जातात, आणि हृदयाची लय पोटॅशियम-मॅग्नेशियमवर अवलंबून असते. पर्युषणात सलग निर्जळ उपवास करणाऱ्या तरुणांनाही हेच लागू आहे. ज्यांना धडधडीचा त्रास आहे वा औषधे चालू आहेत, त्यांनी व्रत घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. षोडशकारण भावनांत ‘शक्तितस्तप’ म्हटले आहे. त्यातील पहिला शब्द आपण सोयीस्करपणे विसरतो.

धावताना किंवा खेळताना भोवळ येऊन पडणे, धडधडीसोबत छातीत दुखणे, कुटुंबात कुणाचा तरुणपणी अकस्मात मृत्यू होणे, यांतील एकही गोष्ट असेल तर हृदयरोगतज्ज्ञांकडे जाण्यास विलंब नको. डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिश्चन एरिक्सन १२ जून २०२१ रोजी भर सामन्यात कोसळला. मैदानावरच छातीदाब आणि विजेचा झटका मिळाला म्हणून तो वाचला. आपल्याकडे अशा वेळी १०८ क्रमांक लावून लगेच छातीदाब सुरू करावा.

अडचण अशी की दवाखान्यात पोहोचेपर्यंत धडधड थांबते आणि इसीजी निर्दोष येतो. म्हणून त्रास चालू असतानाच जवळ मिळेल तिथे इसीजी काढावा आणि ती पट्टी जपून ठेवावी. वेळ, नाडीचे ठोके, कालावधी वहीत लिहावा. गरज पडल्यास चोवीस तास नोंद घेणारे होल्टर यंत्र लावतात. श्वास रोखून १५ सेकंद जोर देणे व लगेच आडवे होऊन पाय उचलून धरणे, या युक्तीने २०१५ च्या ब्रिटिश चाचणीत ४३ टक्के रुग्णांची धडधड थांबली. नेहमीच्या पद्धतीने केवळ १७ टक्के. मात्र ती डॉक्टरांकडून शिकूनच करावी.

मुलीचे लग्न जमवताना हा त्रास लपवण्याकडे अनेक घरांचा कल असतो, आणि त्यापायी तपासणीच टळते. वस्तुतः जांघेतील शिरेतून बारीक नळी नेऊन ती चोरवाट जाळून टाकता येते. छाती उघडावी लागत नाही, दहांपैकी नऊहून अधिक जणांत यश येते आणि त्यानंतर बहुतेकांना रोजची गोळीही लागत नाही.