कॅमेऱ्यामागे आपला माणूस

नागावच्या किनाऱ्यावर शूटिंगची गाडी आली, की ती बातमी आमच्या बौद्धवाडीत वाऱ्यासारखी पोचते. मुले सुरूच्या बनातून धावत सुटतात. कुणी वायरी उचलतो, कुणी पाण्याचे जार वाहतो, कुणाला गर्दीत उभे करतात. संध्याकाळी हातावर थोडे पैसे पडतात. असाच दिवसभर गर्दीत उभा राहून आलेला नववीतला एक मुलगा आम्हांला म्हणाला, "काका, तो खुर्चीत बसून सगळ्यांना सांगतो ना, त्याचं काम कसं मिळतं? मी तिथं विचारलं तर सगळे हसले."

आम्ही हसलो नाही. रविवारी दुपारी घरच्या टीव्हीवर त्याला 'फँड्री' दाखवला आणि तो चित्रपट करणाऱ्या माणसाची हकिगत सांगितली. तीच आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

जेऊर ते बर्लिन

नागराज मंजुळे यांचा जन्म १९७७ चा. गाव सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातले जेऊर. समाज वडार, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडून पोट भरणारा. हा मुलगा दहावीला नापास झाला, पण शिक्षण सोडले नाही. पुणे विद्यापीठातून मराठी घेऊन एम. ए. केले, कविता लिहिल्या. पुढे अहमदनगरच्या महाविद्यालयात जनसंज्ञापनाचा अभ्यासक्रम घेतला. तिथेच अभ्यासाचा भाग म्हणून 'पिस्तुल्या' हा लघुपट केला. शाळेची ओढ असलेल्या एका गरीब पोराची ती गोष्ट. तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

नंतर आला 'फँड्री'. तो फेब्रुवारी २०१४ मध्ये चित्रपटगृहांत लागला. त्यातील जब्याचे कुटुंब गावाच्या हुकमावरून डुकरे पकडते. पकडापकडी चालू असतानाच शाळेत राष्ट्रगीत सुरू होते आणि ही माणसे आहेत तिथे ताठ उभी राहतात. पुढे बांधलेले डुक्कर शाळेच्या भिंतीसमोरून नेले जाते. त्या भिंतीवर बाबासाहेबांचे चित्र आहे. कुणी भाषण करीत नाही, तरी पाहणाऱ्याच्या घशात आवंढा येतो. शेवटी जब्या दगड भिरकावतो, तो थेट पडद्यावरून आपल्याच अंगावर येतो. आमच्या घरी त्या क्षणी कुणीच बोलले नाही.

२०१६ च्या 'सैराट'चा पहिला खेळ बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात झाला. मराठी चित्रपटाने शंभर कोटींचा पल्ला ओलांडला तो त्याच वेळी. गाण्यांवर सारा महाराष्ट्र नाचला, पण जातीबाहेर लग्न केले म्हणून रक्त सांडते, हे सांगताना दिग्दर्शकाने शेवटी संगीत बंद ठेवले.

आणि २०२२ चा 'झुंड'. नागपूरच्या झोपडपट्टीतील मुलांना फुटबॉल शिकवणारे विजय बारसे यांच्या कार्यावर तो बेतलेला. अमिताभ बच्चन मुख्य भूमिकेत, पण भोवतीची मुले वस्तीतलीच. चित्रपटात भीमजयंतीचा सोहळाही आहे. ज्यांना जग झुंड म्हणते, त्यांना त्याने नावे आणि चेहरे दिले.

सातासमुद्रापलीकडची बहीण

अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजातही अशीच एक दिग्दर्शिका आहे, अ‍ॅव्हा ड्यूव्हर्ने. जन्म १९७२ चा. आधी ती इतरांच्या चित्रपटांची प्रसिद्धी करीत असे. तिशी उलटल्यावर तिने कॅमेरा हाती घेतला. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या लढ्यावर 'सेल्मा' (२०१४) केला. 'व्हेन दे सी अस' (२०१९) या मालिकेत खोट्या गुन्ह्यात अडकवलेल्या पाच मुलांची कहाणी मांडली. 'क्वीन शुगर' या आपल्या दूरदर्शन मालिकेचे सारे भाग तिने स्त्री दिग्दर्शकांकडूनच करवून घेतले. २०२३ च्या 'ओरिजिन' या तिच्या चित्रपटात तर खुद्द बाबासाहेबांची व्यक्तिरेखा आहे. वर्णभेद आणि जातिभेद यांचे नाते तिने पडद्यावर जोडून दाखवले.

जेऊरचा वडार आणि अमेरिकेची ही स्त्री, दोघांनीही एकच गोष्ट केली. स्वतः पुढे गेले आणि आपल्या माणसांना कॅमेऱ्यासमोर आणले. कारण कॅमेरा ज्याच्या हाती, तोच ठरवतो की नायक कोण आणि गर्दी कोण.

पालकांना विनंती

मुलाने असा प्रश्न विचारला तर हसू नका. 'ती मोठ्यांची कामं' असे म्हणून त्याचे तोंड बंद करू नका. पुण्याला भारतीय चित्रपट आणि दूरदर्शन संस्था आहे. ती सरकारी असल्याने तिथे राखीव जागा असतात. दिग्दर्शन शिकायचे तर आधी पदवी लागते. म्हणजे वाट शाळेच्या दारातूनच जाते, हे मुलांना नीट समजावून सांगा.

आमच्या त्या मुलाने हल्ली आईचा मोबाईल मागून घेतला आहे. नारळी-सुपारीच्या वाडीत कामाला जाणाऱ्या आजीचे तो चित्रण करतो. आजी लाजते, पदर सावरते आणि विचारते, "माझं काय काढतोस रे?"

तो म्हणतो, "तूच हिरोईन, आजी. जरा उजेडात ये."