गॅरेजच्या दाराशी अडलेली पाव तरंगलांबी

अमेरिकेतल्या घरगुती गॅरेजचे दार सर्रास ७ फुटांचे असते, आणि पिकअप ट्रकच्या बंपरवर उभी केलेली सीबी (सिटिझन्स बँड) रेडिओच्या अँटेनाची पोलादी छडी एकटीच १०२ इंचांची. ती आत जाणार नाही हे सांगायला भौतिकशास्त्र लागत नाही. ती इतकी लांब का, हे सांगायला मात्र लागते. १९५८ मध्ये तिथल्या सरकारने २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा सामान्य नागरिकांना बोलण्यासाठी मोकळा केला. १९७३ च्या तेलटंचाईनंतर पंप कुठे चालू आहे आणि पोलीस कुठे दबा धरून आहेत, हे एकमेकांना कळवण्यासाठी ट्रकवाल्यांनी तो डोक्यावर घेतला. या पट्ट्यात तरंगलांबी ११ मीटर येते. तिचा पाव भाग म्हणजे पावणेतीन मीटर; खालची स्प्रिंग धरून छडी नेमकी तेवढीच भरते. अँटेनाचा उरलेला अर्धा भाग ट्रकचा पत्राच पुरवतो. म्हणजे पट्टा निवडला गेला त्याच दिवशी छडीची उंचीही ठरून गेली.

यावर बाजारात सोपा उपाय मिळतो: हातभर लांबीची, बुडाशी तारेचे वेटोळे असलेली अँटेना. ‘रेंज तीच’ असे वेष्टनावर लिहिलेले असते, आणि तिथेच शंका घ्यायला हवी. वेटोळ्यामुळे आखूड छडी हव्या त्या कंप्रतेला सुरात येते हे खरे, पण सुरात येणे वेगळे आणि आवाज दूर पोहोचणे वेगळे. तंबोऱ्याची तार भोपळ्याविना नुसती ताणून छेडली, तर ती सुरात असूनही जेमतेम ऐकू येते. बारीक तारेच्या दोन्ही अंगांनी हवा निसटते, ढकलली जात नाही. हवा ढकलण्याचे काम भोपळा आणि तबकडी करतात, म्हणून खर्जाच्या मोठ्या तंबोऱ्याला मिरजेचे कारागीर भोपळाही मोठाच निवडतात. आखूड अँटेनाचे तसेच होते. उंची निम्मी झाली की तिचा प्रारण-रोध, म्हणजे ती किती शक्ती तरंगरूपाने बाहेर टाकू शकते हे दाखवणारा आकडा, साधारण चौथाईवर येतो. पूर्ण छडीचा हा रोध ३६ ओहमच्या आसपास असतो. ६० सेंटिमीटरच्या छडीचा जेमतेम सव्वा ओहम. वेटोळ्यात आणि पत्र्यात मिळून ५ ओहम वाया जात असतील, तर सीबीच्या ४ वॅटपैकी एक वॅटसुद्धा बाहेर पडत नाही. बाकीची निव्वळ उष्णता.

अँटेनाची रेडिओशी जुळणी तपासणारा मीटर तर सारे उत्तम दाखवतो, असा प्रतिवाद होतो. पण अँटेनाच्या जागी ५० ओहमचा साधा रोधक जोडला तरी मीटर आदर्श जुळणीच दाखवेल, आणि रोधकातून कोणाला हाक ऐकू जाणार नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मोबाइलची अँटेना खिशात मावते, आधुनिक गाड्यांच्या छतावरचा माशाच्या परासारखा उंचवटा बोटभर असतो, मग सीबीलाच का लांबी लागावी? जीपीएसच्या तरंगाचा पाव भाग ५ सेंटिमीटरहून कमी असतो. तिथे बोटभर छडी आखूड नसतेच. एएम रेडिओचा तरंग शेकडो मीटरचा असूनही गाडीत तो छोट्या काडीवर चालतो, कारण तो फक्त ऐकतो. त्या पट्ट्यात वातावरणातली खरखर इतकी असते की आखूड काडी संदेश आणि खरखर दोन्ही सारख्याच प्रमाणात कमी करते. ही सवलत बोलणाऱ्याला नाही. लहान आकार, चांगली कार्यक्षमता आणि रुंद पट्टा या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत, हे हॅरल्ड व्हीलर यांनी १९४७ मध्ये मांडले. पुढच्या वर्षी एमआयटीच्या लॅन जेन चू यांनी त्याला काटेकोर गणिती रूप दिले, आणि मर्यादेला नाव चूंचेच लागले.

तेव्हा उंची कापण्यापेक्षा ती फक्त दारापुरती बाजूला करणे शहाणपणाचे. बुडाशी बिजागरी बसवावी, पाव फेऱ्यात सुटणारा जोड लावावा, किंवा स्प्रिंगवर छडी वाकवून तिचे टोक गाडीच्या पुढच्या बाजूला क्लिपमध्ये अडकवावे. लवचीक पोलाद हे सहज सोसते. फक्त क्लिप काढल्याशिवाय बोलण्याचे बटण दाबू नये. वाकलेली छडी छताच्या पत्र्याला लगटून राहते, जुळणी बिघडते, आणि परतून आलेली शक्ती ट्रान्समीटरचा ट्रान्झिस्टर तापवते.