आधी मोजा, मग फवारा

पावसाळ्यात दिवा जंक्शनहून पनवेलकडे निघालात, तर इमारतींच्या अधूनमधून भाताची खाचरे दिसतात. एखाद्या बांधावर उभे राहा. हिरव्या पिकात मधेच एखादी पांढरी लोंबी ताठ उभी दिसेल. शेतमालकाला विचारून ती ओढा. ती अलगद हातात येते. आत दाणा नसतो. हिला पळिंज म्हणतात. हे काम खोडकिड्याचे!

या किडीचा पिवळसर पतंग पानाच्या शेंड्याजवळ अंडी घालतो. अळी खोडात शिरून गाभा खाते. तिथवर फवारा नीट पोचत नाही. बाहेर फिरणारे कोळी मात्र मरतात. कोळी म्हणजे शेताचे बिनपगारी राखणदार. ते मेले, की दुसऱ्या किडी फोफावतात. इंडोनेशियात नेमके असेच झाले. तेथे तपकिरी तुडतुडे इतके माजले, की १९८६ साली सरकारने भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. तरीही भाताचे उत्पादन घटले नाही.

मग करायचे काय? यालाच एकात्मिक कीड नियंत्रण म्हणतात. लावणीपूर्वी रोपांचे शेंडे खुडले, की त्यांवरची अंडी जातात. कापणीनंतर नांगरून धसकटे नष्ट केली, की त्यांत दडलेल्या अळ्या मरतात. ट्रायकोग्रामा नावाची, एक मिलिमीटरहूनही लहान गांधीलमाशी किडीच्या अंड्यांतच आपली अंडी घालते. औषध हा शेवटचा उपाय.

पण तो योजायचा केव्हा? येथे गणित मदतीला येते. शेताच्या निरनिराळ्या भागांतले २० चूड निवडा. प्रत्येकात सरासरी १० फुटवे असतील, तर एकूण २०० झाले. त्यांपैकी १० कीडग्रस्त निघाले, म्हणजे ५ टक्के. साधारण या मर्यादेच्या आत फवारणीची गरज नसते. कारण वाचणाऱ्या भातापेक्षा औषधाचाच खर्च जास्त होतो.

आणि प्रश्न केवळ पैशांचा नाही. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन किमान वीसजण दगावले. टाळलेली प्रत्येक अनावश्यक फवारणी म्हणजे टळलेला धोका.

तुमच्या घरी वा मामाच्या गावी भातशेती असेल, तर सुट्टीत वही घेऊन बांधावर जा. फवारणी झालेल्या शेतात मात्र पाऊल टाकू नका. चूड मोजा, कोळीही मोजा, आणि तो आकडा घरातल्या मोठ्यांना दाखवा. फवारणीचा पंप उचलण्याआधी त्यांनी तो पाहिला, तर तुमचे गणित कामी आले!