चिनी सजावटी कलेतील परकीयांचे चित्रण

चीनमधील मृण्मूर्ती, कोरीव दगडकाम आणि चिनी मातीच्या वस्तू यांत चीनबाहेरील लोकांच्या आकृती प्राचीन काळापासून आढळतात. तांग राजवंशाच्या काळात (इ.स. ६१८–९०७) त्यांचे प्रमाण विशेष वाढले. परकीयांचा पेहराव व व्यवसाय यांची माहिती या आकृतींतून मिळते. मात्र त्यांना कोणत्या भूमिकेत दाखवायचे, हे बहुधा वस्तू घडवून घेणाऱ्यावर अवलंबून असे.

तांगकालीन मृण्मूर्ती

या काळात प्रतिष्ठितांच्या थडग्यांत मृताच्या परलोकातील सेवेसाठी मृण्मूर्ती ठेवल्या जात. मूर्तींची संख्या व उंची यांवर मृताच्या दर्जानुसार सरकारी मर्यादा होत्या. चांगान (आजचे शीआन) आणि ल्वोयांग या शहरांच्या परिसरात अशा मूर्ती मोठ्या प्रमाणावर सापडल्या आहेत. त्यांत घोडे व उंट सांभाळणारे मोतद्दार, फेरीवाले, मद्यविक्रेते आणि वादक यांच्या रूपांत परकीय दिसतात. उंच नाक, खोल डोळे, दाट दाढी व टोकदार टोपी ही त्यांची ठरावीक लक्षणे होत. पश्चिमेकडील अशा लोकांना चिनी भाषेत ‘हू’ म्हणत. समरकंद व बुखारा भागातील सोग्दी व्यापारी त्यांत प्रमुख होते.

मूर्ती साच्यांतून घडवीत. शिसेयुक्त झिलईत तांब्यामुळे हिरवा, तर लोहामुळे पिवळसर तपकिरी रंग येई. चेहरा पुष्कळदा झिलईविना ठेवून नंतर रंगवला जाई. साच्यांच्या वापरामुळे तेच चेहरे पुन्हा पुन्हा आढळतात. म्हणून या मूर्तींना व्यक्तिचित्रे मानता येत नाही. शीआनजवळ इ.स. १९५७ मध्ये उत्खनित झालेल्या श्यानयू थिंगहुई या सेनाधिकाऱ्याच्या थडग्यातील (इ.स. ७२३) उंटाची मूर्ती प्रसिद्ध आहे. उंटाच्या पाठीवर वादकांच्या मध्ये एक दाढीधारी हू पुरुष नाचताना दाखवला आहे.

सोग्दींनी घडवून घेतलेली चित्रणे

चीनमध्ये स्थायिक झालेल्या सोग्दींच्या थडग्यांत वेगळे चित्र दिसते. शीआन येथे इ.स. २००० मध्ये सापडलेले आन च्या (मृत्यू इ.स. ५७९) यांचे थडगे हे त्याचे उदाहरण होय. ते सोग्दी समुदायाचे प्रमुख अधिकारी होते. त्यांच्या दगडी मंचकावरील सोनेरी मुलाम्याच्या कोरीव फलकांवर मेजवान्या, शिकारी व तुर्कांशी झालेल्या भेटी दाखवल्या आहेत. येथे परकीय हा सेवक नसून यजमान आहे.

आन लुशानचे बंड

आन लुशान या सोग्दी-तुर्की वंशाच्या सेनापतीच्या बंडामुळे (इ.स. ७५५–७६३) साम्राज्य दुर्बल झाले आणि परकीयांविषयी संशय वाढला. इ.स. ७६० मध्ये यांगचौ येथे अरब व इराणी व्यापाऱ्यांची कत्तल झाली. बंडानंतरच्या थडग्यांत झिलईच्या मोठ्या मूर्ती क्वचितच आढळतात.

निर्यातीच्या वस्तू

छिंग काळात (इ.स. १६४४–१९१२) फूच्यान प्रांतातील तहुआ येथे युरोपीय स्त्री-पुरुषांच्या पांढऱ्या मूर्ती तयार होत. अठराव्या शतकात युरोपीय छापील चित्रे चिनी कारागिरांना पुरवून त्यांवरून भांडी रंगवून घेतली जात. इ.स. १७५७ नंतर युरोपीय सागरी व्यापार क्वांगचौ बंदरापुरता मर्यादित करण्यात आला. तेथील परदेशी वखारी, त्यांवरील राष्ट्रध्वज आणि टोपीधारी व्यापारी यांची चित्रे मोठ्या वाडग्यांवर काढली जात. हे वाडगे प्रामुख्याने पाश्चात्त्य ग्राहकांसाठी असल्याने त्यांवर चित्रित झालेला परकीयच त्यांचा खरेदीदारही होता.