कोठाराची दुरुस्ती आणि तेथील पाखरे

इंग्लंडमधील खेड्यांत जुन्या धान्यकोठारांची दुरुस्ती करून तेथे घरे केली जातात. ओस वाटणाऱ्या या वास्तूंत पुष्कळदा भिंगऱ्यांची घरटी असतात, गव्हाणी घुबड पिल्ले वाढवीत असते आणि कौलांखालच्या फटींत वटवाघळे विसावलेली असतात. त्यांचे रक्षण कसे केले जाते, हे आम्ही थोडक्यात सांगत आहोत.

तेथील १९८१ च्या वन्यजीव कायद्यानुसार रानपक्ष्याचे वापरातील घरटे हेतुतः मोडणे हा गुन्हा आहे. विणीच्या काळात गव्हाणी घुबडाला त्रास देणेही गुन्हाच ठरते. वटवाघळांचे वसतिस्थान तर ती तेथे नसतानाही संरक्षित असते. कारण ती वर्षानुवर्षे त्याच जागी परततात आणि मादीला वर्षाला बहुधा एकच पिल्लू होते. घाईने उतरवलेले एक छप्पर संपूर्ण वसाहतीला भोवू शकते.

म्हणून कामापूर्वी तज्ज्ञांकडून पाहणी करून घ्यावी लागते. पक्ष्यांसाठी मार्च ते ऑगस्ट हा काळ टाळला जातो. वटवाघळे मात्र उन्हाळ्यात पिल्ले वाढवतात व हिवाळ्यात दीर्घ निद्रा घेतात. त्यामुळे त्यांच्या छपराचे काम बहुधा वसंतात किंवा शरदात, तेही 'नॅचरल इंग्लंड' या शासकीय संस्थेच्या परवान्यानेच होते. मध्येच वटवाघूळ आढळल्यास काम तत्काळ थांबवून तज्ज्ञांचा सल्ला घेतात. नव्या छपरातही त्यांच्यासाठी फटी राखल्या जातात.

यात विलंब व खर्च आहेच. परंतु पाहणी वेळीच झाली, तर घरही उभे राहते आणि पाखरांचा आसराही टिकतो.